डेडलिफ्टला वाकलं की घशाशी आंबट

आधी तक्रार सांगतो, म्हणजे तुमची न् माझी एकच आहे का ते ताडून पाहता येईल. वॉर्मअपला काही नाही. ६०-८० किलोपर्यंत काही नाही. डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं, १०० च्या वर गेली, पोट घट्ट करून दम रोखला, बार गुडघ्याच्या वर आला की छातीच्या मधल्या हाडामागून एक गरम रेघ वर सरकायची आणि घशाशी आंबट पाणी यायचं. कधी त्यात दुपारच्या वांग्याच्या भाजीचं तिखटही. बार खाली ठेवायचा, दोनदा गिळायचं, चूळ भरायची, पुढच्या सेटला पुन्हा तेच. स्क्वॉटला थोडं कमी, लेग प्रेसला जास्त, बेंचवर आडवं झालं की करपट ढेकर. घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत छाती जळत राहायची.

गंमत अशी की हे रोज व्हायचं नाही. आठ दिवस व्हायचं, पुढचे आठ दिवस गायब. बरं वाटलं की वाटायचं, गेलं बुवा. मग पुन्हा. या येण्याजाण्याने मला दीड वर्ष फसवलं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला शेतकरी. साडेपाच एकर, एक विहीर, तिच्यावर पाच एचपीची मोनोब्लॉक मोटर. वय ३४. आमची जिम म्हणजे रस्त्याकडेचं टिनाचं शेड: एक रॅक, दोन बार, गंजलेल्या प्लेटा, उन्हाळ्यात भट्टी.

या दीड वर्षात काय काय करून पाहिलं, ते थोडक्यात. पहिल्यांदा सोड्याची फसफसणारी पुडी. जिमला निघताना ग्लासभर पाण्यात टाकून प्यायचो. हा सगळ्यांत मोठा वेडेपणा. सोडा ॲसिडला मारतो खरा, पण मारताना गॅस होतो. त्या गॅसने फुगलेलं पोट घेऊन वाकलं की ढेकर येणार, आणि ढेकरेसोबत पोटातलंही वर येणार. मग माय म्हणाली म्हणून गार दूध. पाच मिनिटं छान वाटतं, तासाभरात पुन्हा जळजळ, कारण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला आणखी ॲसिड सोडायला लावतात. मग महिनाभर ठेचा बंद, तर्री (तेलाचा तवंग असलेला तिखट रस्सा) बंद, लोणचं बंद. घरातले माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे. फरक? वजनाखाली काहीच नाही. शेवटी मेडिकलवाल्याकडून ॲसिड कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची पट्टी, मनाला येईल तेव्हा एक गोळी. तीही बहुतेक वेळा जेवण झाल्यावर, म्हणजे ती घेण्याची जी वेळच नाही अशा वेळी. त्यावर पुढे येतो.

पत्ता लागला तो वहीतून. वजनं, सेट, रेप (एका सेटमध्ये किती वेळा उचललं) लिहायला एक वही मी आधीपासून ठेवत होतो, आणि ज्या दिवशी त्रास झाला त्या दिवशी समासात एक ‘ज’ काढायचो. जळजळीचा ज. मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या ओलिताच्या वेळी विहिरीवर बसलो होतो, लाइन, म्हणजे वीज, यायची होती, हातात वही. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून लाइनीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. बॅटरीच्या उजेडात सहज दोन्ही ताडून पाहिलं. एकूण एक ‘ज’ रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात होता. दिवसाच्या लाइनीच्या आठवड्यात एकही नाही.

ज्यांच्याकडे चोवीस तास लाइट असते त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या फीडरवर शेतीला एक आठवडा दिवसा लाइन, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की मी सकाळी ८ ला वावरात. शिदोरी १२ ला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली. संध्याकाळी घरी, ७ ला जिम. म्हणजे जेवण आणि वजन यांत सात तास. रात्रीच्या लाइनीत सगळं उलटं. रात्रभर स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे, पहाटे घरी, दुपारी १ ला उठायचं, अंघोळ, ३ ला जेवण. रात्री १० च्या आत सगळं उरकायचं म्हणून जिम ५ ला. तीनचं जेवण म्हणजे दोन भाकरी, भाजी, वरण-भात, वर ठेचा न् कच्चं तेल. ते पोटात तसंच्या तसं, आणि हातात १२० किलो. मग ८ ला पुन्हा जेवण, लगेच तासभर आडवं, १० ला उठून वावर. झोप येऊ नये म्हणून तीन कप चहा आणि दोन खर्रे (घोटलेली तंबाखू-सुपारी). यात पित्त उठलं नसतं तरच नवल.

बिघाड ॲसिडचा नाही, दाबाचा आहे

विहिरीवरच्या मोटरीला सक्शनच्या टोकाशी फुटवॉल असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे असाच एक स्नायूचा पिळा आहे, फक्त उलट दिशेचा: घास खाली जाऊ द्यायचा, वर येऊ द्यायचा नाही. त्याला बाहेरून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचीही पकड असते. जठरात ॲसिड असणं हे जठराचं कामच आहे, त्याचं अस्तरही त्यासाठीच बनलेलं. अन्ननलिकेचं अस्तर तसं नाही, म्हणून तेच ॲसिड चार बोटं वर सरकलं की जळतं.

आता डेडलिफ्टला आपण काय करतो ते पाहा. दम भरतो, घशाचं दार बंद करतो, पोट आवळतो, वरून पट्टा. पाठीचा कणा सांभाळायला पोटातला दाब वाढवावाच लागतो, त्यात चूक काही नाही. पण तो दाब कण्याला आधार देतो तसा जठरालाही पिळतो. जठर रिकामं असेल तर पिळून निघणार काय? भरलेलं असेल तर मात्र भरलेल्या पिशवीवर गुडघा टेकवल्यासारखं होतं. धावणारे, सायकलवाले आणि वजन उचलणारे यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली आला होता. त्यातही सर्वांत जास्त जळजळ वजन उचलणाऱ्यांनाच होती.

म्हणून गोळी घेऊन ॲसिड कमी केलं तरी वर यायचं ते येतच राहतं, फक्त जळत कमी. माझं तेच होत होतं. आंबट गेलं, पण वरणाचं पाणी घशाशी येतच होतं.

एका वेळी एकच बदल

मोटर पाणी फेकत नसेल तर आपण एकदम वायंडिंग, पॅकिंग, फुटवॉल सगळं बदलत नाही. एक बदलतो, चालू करून पाहतो. इथेही तेच केलं. आणि चाचणी फक्त रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात. दिवसाच्या आठवड्यात त्रास मुळात नसतोच, तेव्हा कोणताही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. दीड वर्ष मी याच भ्रमात होतो: दूध सुरू केलं आणि नेमकी दिवसाची लाइन आली, की श्रेय दुधाला.

पहिला बदल जेवणाच्या वेळेचा. साधं जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतात, तेलकट असेल तर त्याहून जास्त. म्हणून झोपमोड करून ११ ला उठायचं, साडेअकराला पोटभर जेवायचं, हवं तर पुन्हा झोपायचं पण तास-दोन तास थांबून. साडेतीनला एक केळं किंवा मूठभर मुरमुरे. जिम ५ लाच. पहिल्याच आठवड्यात सहापैकी दोन दिवस ‘ज’. आधी सहाही दिवस असायचा. एवढा फरक बाकी कशानेच पडला नाही, म्हणून ज्याला एकच गोष्ट करायची आहे त्याने हीच करावी.

जाता जाता तर्रीबद्दल. आपल्याकडे पोह्यावर तर्री घेतल्याशिवाय सकाळ होत नाही, आणि दोष नेहमी तिच्या तिखटाला देतात. आधीच सोललेल्या अन्ननलिकेला तिखट झोंबतं हे खरं. पण माझ्या वहीप्रमाणे तिखट भाजी कोरडी असली तर चालते, आणि अळणी पण तेलात तरंगणारी भाजी घशाशी येते. मारतं ते तर्रीतलं तेल, ते पोट रिकामं होऊ देत नाही. तुमचं वेगळं असू शकतं. कुणाला कॉफी बाधते, कुणाला कच्चा कांदा, कुणाला भेदरं, म्हणजे टोमॅटो. मला काळ्या कॉफीने काही झालं नाही, चहाने मात्र झालं. दुसऱ्याची यादी आपल्याला लागू पडत नाही, वही आपली आपणच ठेवावी.

दुसरा बदल खर्रा. हा लिहायला जड जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा टपरीवर पन्नीत घोटून मिळतोच, आणि रात्रीच्या ओलिताला तो जोडीला असतोच. तंबाखूतलं निकोटिन त्या पिळ्याला सैल करतं. शिवाय एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत सुचली नव्हती: लाळ गिळली की अन्ननलिकेतलं उरलंसुरलं ॲसिड धुऊन निघतं, कारण लाळ थोडी क्षारयुक्त असते. खर्रा खाणारा ती सगळी लाळ थुंकून टाकतो. जिमला जाण्याआधीचा खर्रा बंद केला आणि उरलेल्या दोन ‘ज’पैकी एक गेला. रात्रीचा सुटायला मात्र तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत मी घरच्यांशी नीट बोललो नाही.

तिसरा बदल पट्ट्याचा. डॉक्टरांनी विचारलं, “पट्टा कुठे बांधता, दाखवा बरं.” दाखवला तर हसले. मी पहिल्या वॉर्मअपपासून शेवटच्या सेटपर्यंत पट्टा आवळूनच फिरायचो. खरं कारण सांगतो, त्याने पोट आत दिसतं. आता पट्टा फक्त शेवटच्या दोन जड सेटला, पूर्वीपेक्षा एक भोक सैल, आणि बार खाली ठेवला की लगेच मोकळा. वरच्या बरगड्यांशी टेकणारा पट्टा दोन बोटं खाली घेतल्यानेही फरक पडतो.

श्वास आणि हालचाली

श्वासाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जिममध्ये ‘दम रोखा’ एवढंच शिकवतात. मी दम तोंडाने गपकन ओढायचो, म्हणजे निम्मी हवा छातीत आणि निम्मी पोटात. गिळलेली हवा ढेकर होऊनच बाहेर येते. आता नाकाने, सावकाश, बरगड्या बाजूला फुगतील असा श्वास घेतो. हलक्या-मध्यम वजनाला दम पूर्ण कोंडत नाही, बार अर्ध्यावर आला की ‘स्स्’ करत सोडतो. जड वजनाला कोंडावाच लागतो, तिथे कण्याशी खेळ नको. पण एका दमात तीन रेप ओढायचे नाहीत. प्रत्येक रेपला बार टेकवायचा, दम सोडायचा, नवा घ्यायचा. आठ-आठच्या तीन सेटऐवजी तीन-तीनचे सात-आठ सेट करतो. एकूण काम जवळपास तेवढंच, पोट मात्र एका वेळी थोडाच वेळ पिळलं जातं. रोज सकाळी दहा मिनिटं पोटाने श्वास घेण्याचा सरावही करतो. छाती-पोटामधल्या पडद्याला त्याने बळ येतं, आणि तो पडदाच त्या पिळ्याचा जोडीदार.

कोणते व्यायाम बदलले? लेग प्रेस सोडला. त्यात गुडघे सरळ पोटात घुसतात, त्याऐवजी लंजेस. उतरत्या बेंचऐवजी चढता बेंच. सिट-अपऐवजी प्लँक. वाकून करायच्या रोईंगऐवजी एका हाताने डंबेल. डेडलिफ्ट सोडली नाही, सोडणारही नाही. त्रासाच्या दिवशी दोन्हीकडच्या चकत्यांखाली प्लेटा रचून बार चार इंच वर घेतो, म्हणजे तेवढं कमी वाकावं लागतं. सेट झाल्यावर गुडघ्यांवर हात टेकून ओणवं उभं राहायची सवय होती, ती मोडली. ताठ चालायचं. पाणी घोट-घोट, गटागट अर्धी बाटली नाही.

रात्रीचं ओलित हाही व्यायामच समजा. पहिला पाइप उचलायला वाकलं, नोझलचं गार पाणी अंगावर उडालं की रात्रीचं जेवण घशाशी. आता रात्रीच्या आठवड्यात ८ चं जेवण हलकं: वरण-भात, नाहीतर ताक-भाकर. जेवल्यावर आडवं व्हायचंच नाही. अंगणात फिरायचं किंवा मोटरसायकल पुसायची. पोटभर जेवण दुसऱ्या दिवशी साडेअकराला आहेच.

झोपायच्या खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक, सहा इंच होतात. उशा वाढवून भागत नाही, त्याने मान वाकते आणि पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचं तोंड वर.

आणखी एक. वजन वाढवायच्या नादात मी वर्षभरात ७४ चा ८२ झालो होतो, आणि त्यातलं बरंचसं कमरेवर. पोटावरची चरबी जठरावर चोवीस तास दाब देते, पट्टा काढता येतो, ही काढता येत नाही. तीन किलो उतरवलं.

गोळ्यांचं

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातले ॲसिडचे पंपच बंद पाडतात. पण पंप जेवताना चालू होतात, आणि चालू असलेलाच पंप त्या बंद पाडू शकतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, शक्यतो सकाळी, रोज एकाच वेळी. जिमच्या आधी झटका म्हणून घ्यायची ती नव्हेच, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. मनाने महिनोन्‌महिने चालवू नये आणि बऱ्याच दिवसांची असेल तर एकदम तोडूही नये, नाहीतर ॲसिड काही दिवस उलटून जास्त सुटतं. मला डॉक्टरांनी आठ आठवडे नीट दिली, मग हळूहळू बंद केली. तेवढ्याने थांबलं नसतं तर दुर्बिणीची तपासणी करावी लागली असती. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन खायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सोयाबीनचे कट्टे उचलले की खा गोळी, जिम झाली की खा गोळी, हे आमच्याकडे सर्रास चालतं, आणि त्या गोळ्या जठराचं अस्तर खातात.

आता जे मी सर्वांत आधी करायला हवं होतं ते. डॉक्टरांनी मला काही विचारण्याआधी ईसीजी काढला. मी म्हटलं, “साहेब, मला ॲसिडिटी आहे.” ते म्हणाले, “असेल. पण जोर लावला की छातीत जळतं, हे हृदयाचंही लक्षण आहे. आणि तुम्ही खर्रा खाता.” ईसीजी चांगला निघाला, मग पुढचं. फरक असा पाहावा: आंबट पाणी घशाशी येतं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढतं, तर पित्ताकडे कल. छाती आवळल्यासारखी, जड, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, दरदरून घाम, धाप, आणि थांबल्यावर कमी होतंय, तर बार खाली ठेवा आणि दवाखान्यात जा. थांबूनही कमी होत नसेल तर १०८ लावा, मोटरसायकलवर मागे बसून जाऊ नका. ‘गॅस अडकला’ म्हणत सोडा पिऊन वाट पाहत बसणं हा आपल्या गावांचा जुना घातकी रिवाज आहे. वय ४० च्या वर असेल, साखर-बीपी असेल, तर हे वाचायच्या आधी ईसीजी काढून या. घास अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर वही-बिही राहू द्या, सरळ डॉक्टर.

आजची स्थिती: डेडलिफ्ट १४० ला गेली. मागच्या तीन रात्रीच्या आठवड्यांत मिळून दोन ‘ज’. एक रोडग्यांच्या (कणकेचे भाजलेले गोळे) जेवणाच्या दुसऱ्या दिवशीचा, तो माझाच अपराध. दुसऱ्याचं कारण अजून सापडलं नाही, समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

परवापासून पुन्हा रात्रीची लाइन. घरी सांगून ठेवलं, जेवण साडेअकराला. माय चुलीपुढून म्हणाली, “तुह्या लोखंडापायी मले अकरालेच भाकरी टाका लागते बाप्पा.”